वाचक विचारतात : जिंकलेला देश चालवतं कोण?

युद्ध संपल्यावर पराभूत देशावर बसणाऱ्या लष्करी अंमलाविषयी बरीच पत्रं आली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. बहुतेकांचा रोख 1945 नंतरच्या जर्मनी-जपानवर आहे, त्यामुळे उत्तरंही तिथेच जास्त रेंगाळली आहेत.

प्रश्न : शत्रूचा देश जिंकला म्हणजे तो जेत्याचाच झाला. मग ‘ताबा’ वेगळा आणि ‘विलीनीकरण’ वेगळं, हा घोळ कशासाठी?

उत्तर : फरक मालकीचा आहे. ताबा घेणारा त्या मुलखाचा मालक नसतो, फार तर वहिवाटदार. 1907 च्या हेग नियमावलीतली 42 ते 56 ही कलमं याच विषयावर आहेत. कलम 42 नुसार फौजेचा अंमल जिथे प्रत्यक्ष बसला आहे तेवढाच मुलूख ताब्यातला. नकाशावर रेघ ओढून ताबा होत नाही. कलम 43 म्हणतं, सुव्यवस्था राखा आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले कायदे चालू राहू द्या. कलम 52 नुसार फौजेसाठी धान्य, जनावरं, घरं घेता येतात, पण गरजेपुरती, त्या मुलखाच्या ऐपतीच्या मानाने आणि शक्यतो रोखीने. रोख नसेल तर पावती द्यायची आणि पैसे लवकरात लवकर चुकते करायचे. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 49 ने आणखी एक बंधन घातलं : स्वतःचे नागरिक ताब्यातल्या मुलखात नेऊन वसवायचे नाहीत.

गोची 1945 मध्ये झाली. कलम 43 शब्दशः पाळायचं तर नाझींचे कायदेही पाळावे लागले असते. म्हणून चार दोस्त राष्ट्रांनी (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ) 5 जून 1945 ला बर्लिनमध्ये जाहीर केलं की जर्मनीत राज्य चालवू शकेल असं सरकारच उरलेलं नाही, सबब सर्वोच्च सत्ता आम्ही हाती घेत आहोत. मात्र देश विलीन करत नाही. म्हणजे मालकी नाही आणि वहिवाटदाराची बंधनंही नाहीत. कायदेपंडितांनी यावर पुढे बराच वाद घातला.

जपानची वाट निराळी. तिथलं सरकार शाबूत होतं आणि त्याच्याच प्रतिनिधींनी 2 सप्टेंबर 1945 ला शरणागतीवर सह्या केल्या. नव्या राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी 1946 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी आठवड्याभरात लिहिला हे खरं. पण कागदोपत्री ती जुन्या मेइजी घटनेतली दुरुस्ती होती. संसदेने ती मंजूर केली आणि सम्राटाने जाहीर केली. कलम 43 शी उघड भांडण नको म्हणून हा सगळा सोपस्कार.

प्रश्न : जपानमध्ये अमेरिकेला जेवढं सहज जमलं तेवढं इराकमध्ये का जमलं नाही? लोकांच्या स्वभावातला फरक म्हणायचा का?

उत्तर : स्वभावाकडे जायच्या आधी दप्तर पाहावं. जपानचा कारभार जपानी कारकुनांनीच चालवला.

तसं ठरलेलं मात्र नव्हतं. शरणागतीच्या दिवशीच जपानमधल्या दोस्त फौजांचे अमेरिकी सरसेनापती मॅकआर्थर यांच्या कार्यालयात तीन जाहीरनामे तयार होते. त्यांत थेट लष्करी राजवट, इंग्रजी ही राजभाषा आणि लष्करी नोटा हे कायदेशीर चलन असं म्हटलं होतं. जपानी सरकारला याचा सुगावा लागला आणि 3 सप्टेंबरला परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु यांनी योकोहामा गाठून मॅकआर्थरला पटवलं, की सरकार तुमच्या हुकमात आहे, त्याच्यामार्फतच काम करून घ्या. ते बाजूला केलंत तर गोंधळाची जबाबदारी तुमच्यावर येईल. जाहीरनामे मागे घेतले गेले.

त्यानंतरची साखळी अशी. टोकियोच्या दाई-इची विमा इमारतीतल्या मुख्यालयात इंग्रजी हुकूम तयार व्हायचा. त्याला ‘स्कॅपिन’ म्हणत. तो जपानी सरकारच्या मध्यवर्ती संपर्क कार्यालयात जायचा, तिथे भाषांतर होऊन संबंधित मंत्रालयात, तिथून अध्यादेश होऊन प्रांतात आणि शेवटी गावच्या कचेरीत. प्रांतांत अमेरिकी लष्करी पथकं होती, पण त्यांचं काम देखरेखीचं. काही चुकलं तर त्यांनी वर टोकियोला कळवायचं आणि हुकूम पुन्हा त्याच जिन्याने खाली यायचा.

गळती व्हायची ती भाषांतरात. घटनेच्या मसुद्यात सत्ता जनतेच्या ठायी आहे असं स्पष्ट होतं. जपानी मंत्रालयाने ‘शुकेन’, म्हणजे सार्वभौमत्व, हा शब्द टाळून ‘शिको’, म्हणजे ‘सर्वोच्च’, हे गुळमुळीत विशेषण घातलं. ‘जनतेची सर्वोच्च इच्छा’ वाचायला छान, पण सम्राटाचं स्थान बदललं की नाही हे त्यातून कळत नाही. 1946 च्या उन्हाळ्यात संसदेत चर्चा चालू असताना मुख्यालयाच्या हे लक्षात आलं आणि ‘शुकेन’ घालायला लावलं. एका शब्दाने राज्य कुणाचं ते ठरणार होतं!

आता सैन्य. जपानने आपलं सैन्य स्वतःच मोडलं. लष्कर आणि नौदल मंत्रालयांच्या पाट्या 1 डिसेंबर 1945 ला बदलून ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ सैन्यविसर्जन मंत्रालय अशा झाल्या. हजेरीपट तेच आणि ते सांभाळणारेही बरेचसे तेच. परदेशात अडकलेल्या, सैनिक आणि नागरिक मिळून 65 लाखांच्या घरातल्या जपान्यांना परत आणून घरोघर पाठवायचं काम त्या पटांवरूनच पार पडलं.

इराकमध्ये अमेरिकी प्रशासनाने 16 मे 2003 च्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला नोकरीतून काढलं आणि 23 मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त केलं. लाखो सशस्त्र, शिकलेली माणसं आठवड्याभरात बिनपगारी झाली. महिन्याभराने, निदर्शनं झाल्यावर, भत्ता जाहीर झाला. पण तोवर हत्यारं घरी गेली होती आणि हजेरीपट कुणाकडेच नव्हता. आमच्या मते दोन्ही देशांतला मुख्य फरक इथे आहे, स्वभावात नव्हे.

प्रश्न : माझ्या संग्रहात ‘अलिइर्टे मिलिटेरबेहोर्ड, सेरी 1944’ असं छापलेली मार्कची नोट आहे. बँकेचं नाव नाही, सही नाही. क्रमांकाआधी एक आडवी रेघ आहे. ही खोटी आहे का?

उत्तर : खोटी असेलच असं नाही. ‘दोस्त लष्करी प्रशासन, मालिका 1944’ असा त्या मजकुराचा अर्थ. ताबा घेणाऱ्या फौजांनी जर्मनीत खर्च करण्यासाठी छापलेले हे मार्क. बँक नव्हतीच, मग सही कुणाची असणार? भिंग घेऊन वेलबुट्टीत बारीकसा ‘एफ’ शोधा. तो बॉस्टनच्या फोर्ब्स छापखान्याची खूण. तो नसेल आणि क्रमांकाआधी रेघ असेल, तर नोट बहुधा सोव्हिएत छपाईची.

ती रेघ अमेरिकेला चांगलीच महागात पडली. 1944 मध्ये अमेरिकेने छपाईचे साचे सोव्हिएत संघाला दिले. किती नोटा छापल्या याचा हिशेब मागायची सोय ठेवली नाही. सोव्हिएत सैनिकांना साठलेला पगार या मार्कमध्ये मिळाला, पण तो मायदेशी बदलून मिळणार नव्हता. म्हणजे तो जर्मनीतच उडवायचा. घड्याळ, सिगारेट, जे मिळेल त्याला ते वाटेल ती किंमत मोजत. विकणारा अमेरिकी सैनिक ते मार्क स्वतःच्या पगारपत्रकाच्या खिडकीवर नेऊन 10 मार्कला 1 डॉलर या दराने घरी पाठवे. परिणामी अमेरिकी फौजेने जेवढा पगार वाटला त्याहून जास्त डॉलर घरी रवाना झाले. ती तूट अमेरिकी खजिन्याने सोसली.

बंदोबस्त टप्प्याटप्प्याने झाला. नोव्हेंबर 1945 मध्ये प्रत्येक सैनिकाला चलन-पुस्तिका मिळाली. तिच्यात नोंदलेल्या पगाराहून जास्त रक्कम घरी पाठवता येईना. लोक पुस्तिकेतही हेराफेरी करू लागले, तेव्हा सप्टेंबर 1946 मध्ये फक्त लष्करी दुकानात चालणारी वेगळी ‘स्क्रिप’ आली. तीही बाजारात झिरपे, म्हणून मधूनच एखाद्या दिवशी, आधी न सांगता, छावणीची दारं बंद करून जुनी स्क्रिप नव्याने बदलून देत. बाहेरच्या काळ्या बाजारवाल्याच्या हातात रद्दी उरे.

जपानचा फेब्रुवारी 1946 मधला नोटाबदलही संग्राहकांनी लक्षात ठेवावा. महागाई आवरायला सरकारने ठेवी गोठवल्या. कुटुंबप्रमुखाला महिन्याला 300 येन आणि बाकी प्रत्येक माणसामागे 100 येनच काढता येत. पण नव्या नोटा वेळेत छापून होईनात. मग जुन्या नोटांवरच टपाल तिकिटाएवढा कागदी शिक्का चिकटवून त्या ‘नव्या’ ठरवल्या. असा शिक्का असलेली जुनी येन नोट हाती आली तर तो सोलून काढू नका.

प्रश्न : युद्ध थांबल्यावर जर्मनीत उपासमार कमी व्हायला हवी होती. ती वाढली कशी?

उत्तर : पूर्वेकडचा धान्य पिकवणारा पट्टा पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेला. तिथून आणि पूर्व युरोपातून हाकललेले 1 कोटीहून अधिक जर्मन उरलेल्या भागात आले. नत्र खताचे कारखाने बंद, त्यामुळे पीक घटलं. कोळसा पश्चिमेकडच्या रुऱ्ह खाणपट्ट्यात, पण वाघिणी आणि पूल मोडलेले. त्यात चार दोस्त राष्ट्रांनी देश वाटून घेतलेल्या चार विभागांच्या चार हद्दी. पूर्वी एका दिवसात जाणाऱ्या बटाट्याला आता परवाना लागे.

पश्चिमेकडच्या विभागांत साध्या ग्राहकाला दिवसाला 1,550 कॅलरी द्यायचं उद्दिष्ट होतं. ब्रिटिश विभागात मार्च 1946 मध्ये ते जेमतेम 1,000 वर आलं. आणि ही कार्डावरची आकडेमोड. कार्ड म्हणजे हक्क, माल नव्हे. माल आला तर कुपन कापलं जाई, नाहीतर महिना सरताच ते बाद. बर्लिनमध्ये कामावर नसलेल्यांसाठी सगळ्यात खालच्या पाचव्या दर्जाचं कार्ड असे. लोक त्याला स्वर्गारोहणाचं कार्ड म्हणत.

मग शहरातली माणसं चादरी, चमचे, पडदे घेऊन रेल्वेने खेड्यात जात आणि बटाट्यांची पिशवी आणत. 1946-47 चा हिवाळा भयंकर होता. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी 31 डिसेंबर 1946 च्या प्रवचनात सांगितलं, की जगण्यापुरतं लागणारं कामाने किंवा मागून मिळत नसेल, तर ते घेण्याची माणसाला मुभा आहे. दुसऱ्या दिवसापासून मालगाडीतून कोळसा ढापण्याला लोक ‘फ्रिंग्सन’ म्हणू लागले. त्यांनी पुढे जोडलेली पुस्ती, की अनेकांनी ही मर्यादा ओलांडली आहे आणि त्यांनी माल परत करावा, कुणाच्या लक्षात राहिली नाही.

दुकानं भरली ती पश्चिमेकडच्या विभागांतल्या 20 जून 1948 च्या चलनबदलानंतर. माणशी 40 नवे मार्क हातात मिळाले, 20 नंतर. पगार एकास एक. बचतीचं मात्र मातेरं झालं, शेवटी 100 जुन्या मार्कांमागे साडेसहा नवे हाती आले. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे भांडी, बूट, लोणी दिसू लागलं. हा माल एका रात्रीत तयार झालेला नव्हता. व्यापाऱ्यांनी चांगल्या पैशाची वाट पाहत तो दडवला होता. चारच दिवसांत सोव्हिएत संघाने बर्लिनची नाकेबंदी केली, तिचं तात्कालिक कारणही हेच नवं चलन.

प्रश्न : नाझींना शोधून शिक्षा केली म्हणतात, मग पुढे त्यांच्यातलेच अनेकजण न्यायाधीश आणि अधिकारी कसे राहिले?

उत्तर : कारण मोहीम उलट्या टोकाने चालली. अमेरिकी विभागात सुरुवात 131 प्रश्नांच्या ‘फ्रागेबोगेन’ने झाली : कुठल्या संघटनेत होतात, केव्हापासून, पगार किती, 1932 च्या निवडणुकीत मत कुणाला. खोटं लिहिलं तर शिक्षा. पडताळायला पक्षाच्या मूळ सदस्यपत्रिका हाती लागल्या होत्या. त्या लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या कागद गिरणीत धाडल्या होत्या, पण गिरणीवाल्याने लगदा केलाच नाही. कित्येक लाख कार्डं, प्रत्येकावर नाव, क्रमांक, प्रवेशाची तारीख.

मार्च 1946 मध्ये काम जर्मन न्यायमंडळांकडे सोपवलं. प्रत्येक प्रौढाने फॉर्म भरायचा, मग पाच वर्गांपैकी एक : मुख्य गुन्हेगार, गुन्हेगार, कमी दोषी, ‘मिटलॉयफर’ म्हणजे नुसता मागे चालणारा, आणि निर्दोष. 1 कोटी 30 लाखांवर फॉर्म जमले. मंडळांनी सोपी प्रकरणं आधी उरकली, कारण त्यांना पुरावा कमी लागतो. त्यामुळे 1946 मध्ये पोस्टमनला दंड झाला आणि बड्या अधिकाऱ्याची फाइल ‘सविस्तर चौकशीसाठी’ खाली राहिली. 1948 पर्यंत शीतयुद्ध पेटलं, अमेरिकनांना काम गुंडाळायची घाई झाली आणि त्या फायली घाऊक भावाने मिटल्या.

शिवाय प्रशस्तिपत्रांचा महापूर. पाद्री, शेजारी, जुना सहकारी लिहून देई की हा माणूस मनाने कधीच नाझी नव्हता. पेर्झिल ही तिथली कपडे धुण्याची प्रसिद्ध पावडर, म्हणून अशा पत्राला ‘पेर्झिलशाइन’, म्हणजे धुलाईचा दाखला, म्हणत. 1951 च्या कायद्याने बहुतेक बडतर्फ नोकरांना परत यायची वाट मोकळी झाली.

प्रश्न : जपानमध्ये अमेरिकनांनी कूळ कायदा केला हे खरं का?

उत्तर : हुकूम त्यांचा, कायदा जपानी. डिसेंबर 1945 चा पहिला कायदा पोकळ होता : जमीनदाराला 5 चो (1 चो म्हणजे जवळपास 1 हेक्टर) ठेवायची मुभा आणि बाकी समजुतीने. मुख्यालयाने तो नाकारला. ऑक्टोबर 1946 च्या दुसऱ्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळांकडची सगळी जमीन सरकारने घेतली. गावात राहणाऱ्याला कुळाने कसलेली सरासरी 1 चो, होक्काइदोत 4 चो ठेवता आली. नातेवाइकांच्या नावे वाटणी करून पळवाट काढू नये म्हणून 23 नोव्हेंबर 1945 ची मालकी ग्राह्य धरली.

खरी मख्खी गावसमितीत होती. दहा निवडून आलेले सभासद : 5 कुळं, 3 जमीनदार, 2 स्वतः कसणारे मालक. सर्व्हे आणि वाद तिथेच मिटत. भाव मात्र आधीच गोठवलेला, भातशेतीला सरकारी खंडमूल्याच्या 40 पट. महागाईने त्या रकमेचा चुराडा केला, म्हणून जमीनदाराला जमीन जवळपास फुकट गेल्यासारखी वाटली तर नवल नाही. कुळांकडे असलेली जमीन सुमारे 46 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आली. जंगलं वगळली होती. डोंगराळ भागात जुन्या मालकांचा वरचष्मा त्यामुळेच टिकला.

प्रश्न : ताब्याच्या इतिहासात स्त्रियांवरील अत्याचारांचा उल्लेख का टाळतात?

उत्तर : टाळू नये. 1945 मध्ये बर्लिन आणि पूर्व जर्मनीत सोव्हिएत सैनिकांनी फार मोठ्या प्रमाणावर बलात्कार केले. पश्चिमेच्या फौजाही निष्कलंक नव्हत्या. जपानमध्ये तर सरकारनेच ऑगस्ट 1945 मध्ये येणाऱ्या सैनिकांसाठी ‘मनोरंजन’ संस्थेच्या नावाखाली कुंटणखाने उघडले, ‘घरंदाज’ स्त्रियांना वाचवायचं म्हणून गरीब मुलींना पुढे करून. 1946 च्या सुरुवातीला मुख्यालयाने ते सैनिकांना बंद केले. कारण गुप्तरोगांचा फैलाव. त्या मुलींची कणव नव्हे.

प्रश्न : जपानवर ताबा ठेवणाऱ्या फौजांत आपले सैनिक होते का?

उत्तर : होते. ब्रिटिश राष्ट्रकुल फौजेत ब्रिगेडियर थिमय्यांची 268 वी भारतीय ब्रिगेड होती; तिच्यात 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटणही होती. 1946-47 मध्ये शिमाने, तोत्तोरी, ओकायामा भागात दारूगोळा नष्ट करणं, गस्त, कोरियातून चोरून येणाऱ्या बोटींवर नजर ही कामं. मुलकी कारभार मात्र अमेरिकी पथकांकडेच.

प्रश्न : ऑस्ट्रियाही चौघांत वाटलेला होता. मग तो जर्मनीसारखा फुटला कसा नाही?

उत्तर : बरीच कारणं आहेत; सहसा दुर्लक्षित राहणारं एक सांगतो. जर्मनीत चौघांच्या सेनापतींच्या नियंत्रण परिषदेला काहीही करायला चौघांचं एकमत लागे, म्हणजे एकाने नकारार्थी मान हलवली की काम ठप्प. ऑस्ट्रियात 28 जून 1946 च्या कराराने हे उलटं केलं. तिथल्या संसदेने साधा कायदा केला की 31 दिवसांत चौघांनी एकमताने हरकत घेतली तरच तो अडे, नाहीतर लागू. चौघांचं एकमत होणं दुर्मीळच, त्यामुळे व्हिएन्नातलं सरकार सबंध देशासाठी कायदे करत राहिलं. फौजा 1955 च्या ऑक्टोबरात गेल्या, तेव्हा सोपवायला एक चालू राज्य हाताशी होतं.

प्रश्न : ताबा संपतो केव्हा? कुणी ठरवायचं?

उत्तर : जुन्या काळी सावकारी पद्धत होती. नेपोलियनच्या पराभवानंतर 1815 मध्ये फ्रान्सवर 70 कोटी फ्रँकची खंडणी आणि तिच्या वसुलीला दीड लाख फौज, खर्च फ्रान्सचाच. 1818 मध्ये हिशेब मिटताच ती गेली. 1871 ला फ्रान्सला हरवलेल्या जर्मनीने 5 अब्ज फ्रँक मागितले आणि हप्ता आला की काही जिल्हे सोडले. फ्रान्सने कर्ज उभारून मुदतीआधी पैसे फेडले आणि सप्टेंबर 1873 मध्ये शेवटची तुकडी निघाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या पश्चिमेकडच्या ऱ्हाइनलँडमध्ये 5, 10 आणि 15 वर्षांचे टप्पे होते, पण नि:शस्त्रीकरणात कुचराई झाली म्हणून कोलोन वर्षभर उशिरा सुटलं आणि शेवटचा टप्पा मात्र पाच वर्षं आधीच, 30 जून 1930 ला.

1945 नंतर ही सरळ रेघ उरली नाही. पश्चिम जर्मनीतला ताबा 5 मे 1955 ला संपला, पण बर्लिनवरचे चौघांचे हक्क 1990 पर्यंत राहिले आणि फौजा 1994 मध्ये गेल्या. जपान 28 एप्रिल 1952 ला मोकळा झाला, त्याच दिवशी अमेरिकी तळांना मुभा देणारा सुरक्षा करारही लागू झाला. ओकिनावा तर 15 मे 1972 पर्यंत अमेरिकी अंमलाखालीच होतं. तिथे गाड्या अमेरिकी पद्धतीने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत, आणि जपानकडे परत आल्यावरही सहा वर्षं तशाच चालल्या. 30 जुलै 1978 च्या आदल्या रात्री वाहतूक थांबवून झाकलेल्या पाट्या उघडल्या, आणि सकाळी सहा वाजता सगळी वाहनं डाव्या बाजूला आली.